गुरुत्वाकर्षण पुढे चालू ठेवणेबाबत

बटणं पडत होती तोवर सगळं ठीक होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये अल्पेशशेठचं बटणांचं होलसेल दुकान आहे. त्याच्या वेबसाइटवर मालिनीने एक गंमत करून दिली होती. पान उघडलं की वरून रंगीबेरंगी बटणं टपटप पडायची, एकमेकांवर आपटून टुणकन उडायची, आणि बोट लावलं की चिमण्यांसारखी भुर्रकन पांगायची. प्रत्येक बटणाला स्वतःचं वजन होतं, वेग होता. पितळी बटणाने प्लास्टिकच्या बटणाला धक्का दिला तर प्लास्टिकचं लांब जाई, पितळी जागचं हलत नसे. म्हणजे अगदी जगात असतं तसंच. पन्नाशी उलटल्यावर, यूट्यूब बघत, एक कान कुकरकडे ठेवून शिकलेल्या बाईच्या हातून हे झालं होतं, आणि ते कुणाला सांगावं तर समजेल असं अंबरनाथ पश्चिमेत कोणी नव्हतं.

अल्पेशशेठ आधी फार खूश झाला. मग त्याचा फोन आला. "मॅडम, चीज एक नंबर बनवली तुम्ही. लेकिन कस्टमर खेलता है, लेता नहीं. बटन को नीचे बिठा दो ना."

मालिनीने बटणं खाली बसवली. ती तिथे ढीग होऊन पडली ती पडलीच. पानावर हालचाल म्हणून उरली ती फक्त 'येथे क्लिक करा'ची लुकलुक.

पण जीव लावून केलेली वस्तू टाकवत नाही. या अशा वस्तूला कंपोनंट म्हणतात. म्हणजे कुठल्याही पानावर नेऊन बसवता येणारा तयार तुकडा, ब्लाउजच्या तयार बाह्यांसारखा. ब्लाउज दुसरं मिळालं की बाह्या तिकडे लावायच्या. मालिनी दुसरं ब्लाउज शोधत होती, आणि ते तिला आपल्याच बिल्डिंगमध्ये मिळालं.

नीलपर्ण सहकारी गृहनिर्माण संस्थेचा रौप्यमहोत्सव आला होता. त्यानिमित्त संस्थेची वेबसाइट व्हावी असं कमिटीत ठरलं. सेक्रेटरी विष्णुपंत, म्हणजे मालिनीचे यजमान. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण जावक क्रमांक टाकायची सवय सुटलेली नाही. घरची बाई फुकट करून देतेय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी देव पाण्यातून काढले असते. विष्णुपंतांनी तिच्याकडून लेखी अर्ज मागितला. नाहीतर लोक म्हणतील वशिला लावला. तिने अर्ज दिला. त्यांनी हॉलमध्ये बसून त्यावर उत्तर लिहिलं, "आपल्या अर्जास अनुसरून", आणि ते स्वयंपाकघरात आणून दिलं. वर पोच मागितली. तिचे हात भज्यांच्या पिठात होते. संस्थेच्या फाइलमध्ये त्या पोचेवर अजून पिवळं बोट उमटलेलं आहे.

मालिनीने अर्जात एकच मागणी केली होती. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात का होईना, 'रचना: मालिनी' एवढं असावं. मागणी लहान दिसते. पण पंचवीस वर्षांत त्या बिल्डिंगीत तिचं नाव कुठेच लागलं नव्हतं. दारावर विष्णुपंत, शेअर सर्टिफिकेटवर विष्णुपंत, गणपतीच्या पावतीवर विष्णुपंत. कुरियरवालासुद्धा खालून "विष्णुपंतांच्या मिसेस" अशी हाक मारायचा, आणि तीही "आले" म्हणून उतरायची. मागणी मंजूर झाली. अट एकच, मजकूर सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल.

आता पानावर काय दाखवायचं? इतर सोसायट्या बिल्डिंगचा फोटो टाकतात. नीलपर्णच्या बिल्डिंगला मागच्या वर्षी रंग देताना मध्येच रंग बदलला होता, त्यामुळे फोटोत ती अर्धी विटकरी आणि अर्धी आजारी दिसते. मालिनीने ठरवलं, प्रत्येक घराचा एक कण. गोल ठिपका, त्यावर नाव. सगळे ठिपके पानावर आपले फिरतील, एकमेकांना हलकेच लागतील, बाजूला होतील. टिचकी मारली की उडतील. एकत्र राहणं म्हणजे तरी दुसरं काय, असं तिला वाटलं. कणाला वस्तुमान लागतं, म्हणून तिने प्रत्येक घराचं क्षेत्रफळ टाकलं. ठिपक्यावर बोट दाबून धरलं तर तो उचलून दुसरीकडे ठेवता येईल अशीही सोय केली, आणि संस्था सहकारी आहे म्हणून एकाने हलवलेला ठिपका सगळ्यांच्याच फोनवर हललेला दिसेल असं केलं.

हे शेवटचं विष्णुपंतांना मान्य झालं नाही. एका सभासदाने दुसऱ्या सभासदाला त्याच्या संमतीशिवाय हलवणं उपविधीत बसत नाही, असं त्यांनी चष्म्यावरून सांगितलं. तेव्हा मालिनीने उचलाउचलीची सोय काढून टाकली. निदान काढली असं तिला वाटलं.

पान सुरू झालं. पहिले दोन दिवस कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव पायऱ्या चढून आले.

दौलतराव संस्थेचे चेअरमन. बिल्डिंग उभी आहे ती जमीन मूळ त्यांची, भाताची. बिल्डरने दिलेले तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून त्यांनी एक केला आहे, त्यामुळे ठिपका सगळ्यात मोठा, चांगला थाळीएवढा. तो त्यांना आवडलाही होता. पण त्याला एका बाजूने मालिनीच्या शेजारच्या संजीवनीचा आणि तिच्या पलीकडून हरिचंद्रांचा ठिपका चिकटून बसला होता. हरिचंद्र सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात, आणि दौलतरावांचं त्यांच्याशी गच्चीच्या किल्लीवरून वाजलेलं आहे. कधीकाळी हरिचंद्रांच्या घरचे पापड गच्चीवर वाळत होते आणि दौलतरावांनी गच्चीला कुलूप लावलं. पापड आत, माणसं बाहेर. तेव्हापासून दोघं एकमेकांशी विष्णुपंतांमार्फत लेखी बोलतात.

"मालिनीताई," दौलतराव म्हणाले, "हा मानूस माझ्या एवढा जवळ कशापायी येतो?"

मालिनीने समजावलं, की मोठं वस्तुमान लहानाला ओढतं, त्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात, त्यात हरिचंद्रांचा दोष नाही. दौलतराव म्हणाले, मग ते कमी करा. तिने त्यांचं वस्तुमान कमी केलं. ठिपका लिंबाएवढा झाला. दौलतराव संध्याकाळी परत आले, आणि या वेळी सातबारा घेऊन.

तिने त्यांना पुन्हा थाळीएवढं केलं आणि गुरुत्वाकर्षणच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ठिपके पुन्हा तसेच. नुसते चिकटलेले नाहीत, रांगेत. एक रांग वर, एक रांग खाली, समोरासमोर. तिने घर्षण वाढवलं. दुपारी रांगा. तिने ठिपके एकमेकांना ढकलतील असं केलं, तेव्हा सगळी बिल्डिंग पानाच्या कडांना जाऊन थडकली आणि मधे मोकळं मैदान झालं, पण दुपारची झोप काढून उठली तोवर पुन्हा दोन रांगा, आणि मध्ये वाढपी फिरतील एवढं अंतर. सगळ्यात तिच्या जिवाला लागला तो गयाबाईंचा ठिपका. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या गयाबाई. त्यांचा ठिपका रोज घरंगळत पानाच्या खालच्या कोपऱ्यात जायचा आणि तिथेच राहायचा, रांगेबाहेर, एकटा. मालिनी त्याला कोड बदलून मध्यावर आणायची. तो जायचा परत.

तिने मुलाला पुण्याला फोन केला. राजस एका मोठ्या कंपनीत याच कामावर आहे. तो मीटिंगमध्ये होता. म्हणाला, आई, ब्राउझरची कॅश क्लिअर कर. तिने केली. म्हणाला, मग बंद करून चालू कर. हे तर ती मिक्सरलाही करत होती.

मग बिल्डिंगच्या लक्षात आलं आणि सल्ले सुरू झाले. हरिचंद्रांनी लेखी कळवलं की पानाच्या ईशान्य कोपऱ्यात पाणी दाखवा, दोष जाईल. मालिनीने एक निळा ठिपका टाकूनही पाहिला, कारण त्या वेळेपर्यंत ती कशावरही विश्वास ठेवायच्या टोकाला आली होती. शेजारची संजीवनी शाळेत विज्ञान शिकवते. तिने चहा पिता पिता गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण धडा म्हणून दाखवला, स्वाध्यायासकट, आणि शेवटी विचारलं की माझा ठिपका त्या दोघांच्या मध्येच का असतो गं, मला घुसमटल्यासारखं होतं. दुसऱ्या मजल्यावर कुजबुज होती की हे सगळं पुढच्या कमिटीचं गणित आहे, वरची रांग एका पॅनलची आणि खालची दुसऱ्याची. गयाबाई कोपऱ्यात म्हणजे तटस्थ.

मालिनी रात्रंदिवस गोंधळलेली. भाजीत दोनदा मीठ. तिला आता गणितापेक्षा स्वतःचा संशय यायला लागला होता. यूट्यूबवरून शिकलेलं ते शेवटी यूट्यूबवरचंच, असं आतून कोणीतरी म्हणत होतं आणि तो आवाज थोडासा विष्णुपंतांसारखा होता.

त्यातच विष्णुपंतांनी स्वयंपाकघरात येऊन तिला नोटीस दिली. महोत्सवाच्या आधीच्या रविवारी सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक चार, पानावरील हलते ठिपके काढून तिथे बिल्डिंगचा फोटो टाकणेबाबत. तिने विचारलं, आणि तळाची ओळ? विष्णुपंत थोडे खाकरले. म्हणाले, रचनाच राहिली नाही तर रचनाकार कुठून राहणार. मग घरच्या आवाजात म्हणाले की मी काही मत देणार नाही, मी सेक्रेटरी आहे. पोच मात्र घेतली.

सभेची सूचना घरोघर वाटायचं काम नेहमी मालिनीकडेच असतं, तेवढं बिनअर्जाचं. शुक्रवारी दुपारी ती वाटत वाटत पहिल्या मजल्यावर आली. गयाबाईंचं दार उघडं होतं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात पाट, पाटावर मुलाने दिलेला फोन, नाकावर चष्मा. फोनच्या काचेवर त्या एक बोट दाबून धरत होत्या. लिफ्टचं बटण त्या असंच दाबतात, लिफ्ट येईपर्यंत सोडत नाहीत.

"ये गो, बस," गयाबाई मान वर न करता म्हणाल्या. "जरा हरिचंद्राला बसवते नि उठते."

मालिनी दारातच उभी राहिली. बोटाखाली हरिचंद्रांचा ठिपका सरकत सरकत संजीवनीच्या पलीकडे गेला आणि बसला.

मग गयाबाईंनी तिला सगळं दाखवलं, हौसेने. बदलापूरच्या पलीकडे त्यांच्या गावात लग्नकार्यात पंगत बसवायचं काम त्यांच्याकडे असायचं. कोण कोणाशेजारी बसला तर जेवण गोड लागेल आणि कोण कोणासमोर बसला तर पानावरून उठेल, हे त्यांना विचारून मग पाटावर माणूस बसायचा. अंबरनाथला आल्यापासून बुफे. माणसं हातात ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवतात. आणि आता रौप्यमहोत्सवाला पंगत आहे असं ऐकलं, आणि फोनात सगळ्या बिल्डिंगीची नावं आली, ती पण हलवता येणारी. रोज दुपारी त्या बसवत होत्या. रोज सकाळी उठून बघतात तर कोणीतरी पंगत विस्कटलेली.

"उंदीर लागल्यावानी इस्कटतं गो," त्या म्हणाल्या. "पन मी काय सोडत नाय. दौलतला नि हरिचंद्राला लांब बसवला का लांबून डोळे वटारतात. चिकटवला का भांडतात. मधी संजीवनी दिली का बरं, ती मास्तरीण हाय."

मालिनीने विचारलं, आणि तुम्ही त्या कोपऱ्यात का?

"मी वाढनार ना. वाढनारीनं चुलीकडं बसायचं." मग त्यांना एकदम शंका आली. चष्मा काढून त्यांनी मालिनीकडे पाहिलं. "हे माझ्याच फोनात हाय ना? दुसऱ्या कोनाला दिसत नाय? नाय तर म्हनतील, म्हातारी सगळ्यांना उचलून ठेवते."

मालिनी म्हणाली, नाही हो, कोणाला दिसणार.

घरी येऊन तिने कोड उघडलं. चूक पाच मिनिटांत सापडली. उचलाउचलीची सोय तिने कॉम्प्युटरच्या पानावरून काढली होती, फोनच्या पानावरून काढायची राहिली होती. बाकीची बिल्डिंग टिचक्या मारून मोकळी होत होती. ठिपक्यावर बोट दाबून धरायला लागणारा धीर सबंध नीलपर्णमध्ये एकाच बाईकडे होता. म्हणजे गणित बरोबर होतं. वस्तुमान बरोबर, घर्षण बरोबर, यूट्यूबही बरोबर. मालिनीला आनंदाने रडू यायचं तेवढं बाकी राहिलं, पण आनंद कोणाला सांगण्यासारखा नव्हता. चूक सांगितली तर तिची ओळ वाचत होती आणि गयाबाई चारचौघांत उघड्या पडत होत्या. न सांगावं तर फोटो. अर्धा विटकरी, अर्धा आजारी.

दुरुस्तीची एक ओळ लिहून ती तशीच ठेवली. पानावर चढवली नाही.

सभा पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पहिले तीन विषय पाण्याच्या टाकीवरून भांडण्यात गेले. विषय चारला दौलतराव उठले आणि म्हणाले की पंचवीस वर्षांच्या कामात अशी थट्टा झाली नव्हती. मग हरिचंद्र उठले आणि त्यांनी चेअरमन साहेबांशी आपण सहमत आहोत असं तोंडी सांगितलं. पापडांनंतर प्रथमच. दौलतराव इतके दचकले की खाली बसताना खुर्ची सरकली. पार्किंगभर माना डोलल्या. विष्णुपंतांनी पेन उघडलं. शेवटच्या रांगेत गयाबाई पिशवीतला फोन काढून बघत होत्या आणि आता त्यांचा चेहरा उतरला होता, कारण 'रांगा रांगा' हे सगळे कशाबद्दल बोलतायत ते त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

मालिनी उभी राहिली. सर्वसाधारण सभेत ती आजवर फक्त चहा द्यायला उभी राहिली होती.

"हा बिघाड नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारची पंगत आहे ती. मीच बसवलेली आहे. कोणी कुठे बसायचं ते पानावर दिसतंय."

कोणीतरी विचारलं, कशाच्या आधारावर?

"वस्तुमान, घर्षण आणि आपापसातलं अंतर," मालिनी म्हणाली.

यावर शंका विचारायची तर आपल्याला कळलेलं नाही हे उघड करावं लागणार होतं. संजीवनीला तर हे धड्यातलंच वाटलं, आणि पंगत अशीच बसावी असं तिने सुचवलंही. शेवटी हरिचंद्रच उठले आणि म्हणाले की आपला या पंगतीला तीव्र विरोध आहे. झालं. हरिचंद्रांचा विरोध म्हटल्यावर दौलतरावांना पाठिंबा देणं भागच होतं. त्यांनी तो टेबलावर हात आपटून दिला, आणि चेअरमनच्या हातामागे बाकीचे हात वर गेले. विष्णुपंतांनी इतिवृत्तात लिहिलं: पानावरील गुरुत्वाकर्षण आहे तसे पुढे चालू ठेवावे, तसेच पानावर दर्शविलेली जागा सर्व सभासदांवर बंधनकारक राहील. सूचक संजीवनी. अनुमोदक दौलतराव.

तळाची ओळ राहिली. त्याबद्दल कोणी काही बोललंच नाही.

रविवारी पार्किंगमध्ये पट्ट्या अंथरल्या, पानं मांडली, आणि सबंध बिल्डिंग फोन बघत बघत आपली जागा शोधत फिरली. काहीजण आडवा धरून बघत होते. दौलतराव, मग संजीवनी, मग हरिचंद्र. गयाबाई मोठ्या पातेल्याजवळ, कोपऱ्यात, पदर खोचून.

मालिनीच्या शेजारचं पान मोकळं होतं, कारण राजस आला नव्हता. तिने मांडीवर फोन घेतला, गयाबाईंच्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं आणि ठिपका आपल्याशेजारी आणून ठेवला. पातेल्यामागे गयाबाईंनी फोन पाहिला. हात पुसला, बोट दाबलं. ठिपका गेला परत कोपऱ्यात. मालिनीने पुन्हा आणला. पुन्हा गेला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. तिसऱ्या वेळी मात्र गयाबाईंच्या हाताला बासुंदी लागलेली होती. त्यांनी बोट दाबलं, घासलं, पदराला पुसून पुन्हा दाबलं. काच ओली, फोन ढिम्म.

विष्णुपंत एका हातात ठरावाची प्रत आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन पंगत तपासत होते. ते पातेल्याशी थांबले.

"गयाबाई, आपली जागा इथे नाही," ते म्हणाले. "ठराव झालेला आहे."

गयाबाई म्हणाल्या, मग वाढनार कोन? विष्णुपंतांनी उपविधी मनात चाळले, त्यात काही सापडलं नाही. तेव्हा दौलतराव उठले. चेअरमन उठला आणि आपण बसून राहिलो असं दिसू नये म्हणून हरिचंद्रही उठले. एकाने भात घेतला, एकाने वरण. पहिल्याच पानावर, वरणाला खळगा किती करायचा यावरून दोघांचं जुंपलं, पण तोंडी. विष्णुपंत बाजूला उभे होते आणि त्यांना कोणी मध्ये घेतलं नाही.

गयाबाई येऊन मालिनीशेजारी बसल्या. बराच वेळ त्यांना आपल्या पानाशी कसं बसायचं ते सुचत नव्हतं. वाढलेला भात त्या दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघत होत्या.

"तुझं यंत्र बिघडलंय गो," त्या हळूच म्हणाल्या. "मी कडेला जाते, तं मला आत ओढतं."

मालिनी म्हणाली, तक्रार लेखी द्यावी लागेल.

गयाबाई शब्दाच्या पक्क्या. मंगळवारी सकाळी विष्णुपंत हॉलमधून स्वयंपाकघरात आले. त्यांच्या हातात वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला अर्ज होता आणि त्यावर त्यांचा स्वतःचा शेरा, लाल शाईत: श्रीमती मालिनी, रचनाकार, यांजकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी.

मालिनीचे हात पिठात होते. तिने ते धुतले, पुसले, शेरा दोनदा वाचला आणि मग पोच दिली. पूर्ण सही, खाली हुद्दा. कार्यवाही काही केली नाही.